पाठ असलेलं म्हणून दाखव

"वाचनालयात शांतता लागते, हे मान्य. पण इतकी नको, बाई."

अध्यक्ष म्हणाले आणि टेबलामागचे चौघे हसले. एकाने हसता हसता चहाचा कप खाली ठेवला, सांडू नये म्हणून.

मला फक्त नाव विचारलं होतं. माझं नाव प पासून सुरू होतं. प म्हणायला ओठ मिटावे लागतात. माझे मिटले. उघडले नाहीत. आत हवा दाटली. मान ताठ झाली. डावा डोळा आपोआप मिचकायला लागला. मी पायाचा अंगठा चपलेत रुतवून धरला. हे सगळं मला कळत असतं. समोरच्याला जे दिसतं ते मला आतून दिसतं. अशा वेळी मी घड्याळाकडे बघत नाही, माणसांच्या तोंडाकडे बघते. आधी नवल. मग कीव. मग हसू. कुठल्याही टेबलामागे हाच क्रम.

"नाव विसरलीस का गं?" दुसऱ्या सदस्याने विचारलं. "इथे फाइलवर आहे. सांगू?"

फाइलवर होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

महाडातली ही एक शिक्षण संस्था. तिच्या हायस्कूलच्या वाचनालयात सहायकाची एक जागा निघाली होती. दिव्यांगांसाठी राखीव. लेखी परीक्षेत मी पहिली आले. यादी संस्थेच्या फलकावर लागली तेव्हा बाबांनी तिचा मोबाइलवर फोटो काढला आणि वाडीत घरोघर दाखवला. अर्जात एक रकाना होता, अपंगत्वाचा प्रकार. मी त्यात लिहिलं होतं, बोलताना अडखळणे. प्रमाणपत्र नंतर दिलं तरी चालणार होतं. तो शब्द मी स्वतःला पहिल्यांदाच लावत होते.

अध्यक्षांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय अपंगत्व झालं? मग मी चष्मा लावतो, मलाही द्या एक राखीव जागा."

पुन्हा हसू.

मग ते माझ्या आडनावाकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्यातली पोरं तर माइक सोडत नाहीत. मार्चमध्ये तळ्यावर काय भाषणं ठोकतात! तू कशी मागं राहिलीस?"

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "राहू दे, राहू दे. त्रास नको घेऊस. दोन महिन्यांत प्रमाणपत्र आण. जागा तुझी. नाहीतर नाही."

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. एकाच खोलीत, एकाच तोंडाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नोकरी द्यायची म्हटलं तर हिला बोलता येत नाही. राखीव जागा द्यायची म्हटलं तर हिला झालंय काय? या दोन वाक्यांच्या मधोमध मी आजवर जगत आले आहे. तिथे उभं राहण्यापुरतीही जागा नाही.

*

आमची वाडी नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बौद्धवाडी. बाबा एमआयडीसीत कंत्राटी कामगार. दर मार्चला ते रजा टाकतात आणि चवदार तळ्याजवळ सतरंजी पसरून पुस्तिका विकतात. पातळ, दोन पिना मारलेल्या, स्वस्त कागदाच्या. मी वाचायला शिकले ती न खपलेल्या पुस्तिकांवर. कुणाचा हक्क, कुणाचं पाणी, कुणाची जमीन, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. सातवीत असताना मी माझी पहिली पुस्तिका लिहिली. वहीच्या कागदावर, चार पानांची. बाबांनी ती झेरॉक्स करून सतरंजीवर मांडली.

पण सतरंजीवर बसून ओरडावं लागतं. "या, बघा, वाचा!" बाबा ओरडायचे. मी सुट्टे पैसे द्यायचे. आमच्यात बोलणारा माणूस मोठा. आम्हाला शतकं गप्प बसवलं होतं, म्हणून बोलण्याला आमच्यात इतका मान. मला तो मान कळतो. म्हणूनच मला तिथे सगळ्यात जास्त लाज वाटायची. माझं लिहिलेलं दरवर्षी कुणीतरी मंचावरून वाचून दाखवायचा. टाळ्या पडायच्या. मी मंचाखाली पुस्तिका मोजत बसायचे.

लहानपणी आईने वेखंड उगाळून जिभेला लावलं. जीभ सोलवटली. कुणीतरी सांगितलं, पोपटाने चोचलेला पेरू खायला द्या. बाबांनी पोपटाने खाल्लेला पेरू शोधत दोन दिवस झाडं पालथी घातली. मी खाल्ला. पेरू गोड होता. बाकी काही नाही.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. दुकानात जाताना आई चिठ्ठी लिहून द्यायची. पुढे मीच लिहायला लागले. पोस्टात चिठ्ठी. कॉलेजच्या ऑफिसात चिठ्ठी. चिठ्ठी विसरले तर जो शब्द निघेल तो. पोहे आणायला गेले आणि रवा घेऊन आले, कारण त्या दिवशी प निघेना. आई म्हणाली, "पोहे सांगितले होते ना गो?" मी मान हलवली. चुकले म्हणून सांगणं सोपं होतं. खरं सांगायला पुन्हा तोच शब्द म्हणावा लागला असता.

आणि दुसरी गोष्ट. लोक माझी वाक्यं पुरी करतात. प्रेमाने करतात, घाईने करतात, कंटाळून करतात. मला मधेच कुठेतरी सोडून ते शेवटाला जाऊन उभे राहतात. बहुतेक वेळा तो शेवट माझा नसतो. पण मी होकार देते. सुटका होते. किती वर्षं मी दुसऱ्यांनी संपवलेली वाक्यं जगले, मलाच माहीत.

एकच जागा वेगळी. विहार.

विहारात रविवारी वंदना असते. त्रिशरण, पंचशील. पुढे बसून मी म्हणायचे, मागून सगळी वाडी म्हणायची. लहानपणापासून ते माझं काम. त्या सुरात माझी जीभ एकदाही अडली नाही. प सुद्धा पाण्यासारखा वाहतो. शेजारची सुमन काकी दर रविवारी तेच बोलायची. विहाराच्या पायरीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वंदनेला बरी जीभ चालते गो हिची! आन दुकानात काय होतं? सोंग हाय, सोंग."

"सोंग नाय गं काकी," आई म्हणायची. पण तिच्या आवाजात जोर नसायचा. तिलाही तोच प्रश्न होता.

मलाही होता.

*

पोलादपूरला दिव्यांगांसाठी शिबिर होतं. तपासणी तिथेच, कागद तिथेच, असा मेसेज फोनवर फिरत होता. बाबांना रजा मिळाली नाही. मी एकटी निघाले.

महाडच्या डेपोतून महाबळेश्वरकडे जाणारी एसटी पकडली. कंडक्टर आला. "कुठं?"

पोलादपूर. साधं गावाचं नाव. मी ओठ मिटले आणि मला कळलं की हे आता निघणार नाही. मागे माणसं तिकिटासाठी हात पुढे करून उभी.

"कापडे," मी म्हणाले.

कापडे पोलादपूरच्या पुढे आहे. क सोपा जातो. तिकीट जास्तीचं पडलं. पोलादपूरला उतरायला लागले तर कंडक्टर म्हणाला, "अगो, कापडं पुढं हाय! हे पोलादपूर!" मी उतरले. खिडकीतून तो कुणाला तरी म्हणाला, "शिकलेली दिसते, पन ध्यान नाय."

मी अपंग आहे की नाही हे विचारायला मी चालले होते. तिकिटाने मला आधीच सांगितलं होतं.

शिबिर एका शाळेच्या सभागृहात. दारावर फलक, फलकावर हात जोडलेल्या माणसाचा मोठा फोटो. आत टेबलं. डोळे, हातपाय, कान-नाक-घसा. ओळीत कुबड्या, काठ्या, मांडीवर घेतलेली मोठी पोरं. एकीकडे चहा-बिस्किटं. एकीकडे व्हीलचेअर वाटप, त्याचे फोटो. एक बाई दोनदा व्हीलचेअरवर बसली, कारण पहिल्या फोटोत फलकावरच्या साहेबांचे डोळे मिटले होते.

माझ्यापुढे एक म्हातारा होता. डोंगरातल्या कुठल्यातरी वाडीचा. एक पाय गुडघ्यापासून नाही. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुला काय झालाय गो बाय? धडधाकट दिसतेस."

मी तोंड उघडलं. अडलं. मी नेहमीप्रमाणे मान हलवून सोडून देणार होते.

"सांग, सांग. माझी कुठं गाडी चुकतेय? पाय एकच हाय, पळून जानार नाय."

आणि तो थांबला. खरंच थांबला. त्याने माझं वाक्य पुरं केलं नाही. इकडेतिकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "मला बो-बो-बोलताना अडतं." केवढा वेळ लागला असेल. तो कुबडीवर रेलून ऐकत राहिला.

मग म्हणाला, "माझा पाय नाय ते लोकांना दिसतं. तुझं दिसत नाय. तुझं कठीन हाय."

एवढ्या वर्षांत मला कुणी एवढं बरोबर सांगितलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. थकलेले होते. सकाळपासून माणसं तपासत होते, हे मी विसरत नाही. पण त्यांच्या हातात पेन होतं आणि त्या पेनाला अधिकार होता, हेही विसरत नाही.

"नाव?"

ओठ मिटले. डोळा मिचकायला लागला. ते थोडा वेळ बघत राहिले, मग फोनकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"रिलॅक्स. टेन्शन घेऊ नका. असं करा, पाठ असलेलं काहीतरी म्हणून दाखवा. कविता, प्रार्थना, काहीही."

घुसमटलेल्या माणसाला खिडकी दाखवली की तो खाली काय आहे ते बघत नाही. मी हात जोडले आणि त्रिशरण सुरू केलं. मग पंचशील.

आवाज निघाला. भरलेला, स्वच्छ. सभागृह शांत झालं. ओळीतल्या काही बायांनी हात जोडले. पुढे जाऊन बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढली. मी शेवटपर्यंत म्हटलं. एकही अक्षर अडलं नाही. मला वाटलं, हे डॉक्टर आहेत, यांना कळेल. बोलणं अडतं आणि वंदना अडत नाही, यातच रोग कुठे आहे ते त्यांना दिसेल.

डॉक्टर हसले. छान हसले, अध्यक्षांसारखे नाही.

"वा! काय क्लिअर आवाज आहे. तुम्हाला काही झालेलं नाही."

"ड-ड-ड—"

"डॉक्टर, हो. बघा, घाबरताय. आत्मविश्वास कमी आहे. आरशासमोर बोलत जा. अपंगत्वाच्या सरकारी यादीत वाचादोष आहे, पण त्याला कारण लागतं. घशाचं ऑपरेशन, मेंदूला मार, लकवा. तुमचं तसं काही रेकॉर्ड नाही. मी काय लिहू?"

त्यांनी लिहिलं. इंग्रजीत, एक शब्द. नॉर्मल.

"पुढचा."

सुमन काकी कधी शाळेत गेली नाही. हा माणूस इतकी वर्षं शिकला. दोघांचं निदान एकच. काकी त्याला सोंग म्हणायची. याने त्याला आत्मविश्वास म्हटलं. शब्द बदलला, बोट माझ्याकडेच राहिलं.

परत येताना मी फोनवर वाचत राहिले. पुढच्या दिवसांत मिळेल ते वाचलं. सुरात म्हणताना, चार जणांबरोबर म्हणताना, कुजबुजताना, एकट्याने जनावराशी बोलताना अडखळणाऱ्यांची जीभ बहुधा मोकळी होते. हे नवीन नाही. याचा अभ्यास करणाऱ्यांना हे कधीचं माहीत आहे. हे भित्रेपणाने होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही. मेंदू बोलणं जुळवतो, त्या जुळवण्यातच याचं मूळ आहे. म्हणजे वंदना न अडणं ही माझ्या अडण्याचीच खूण होती. माझ्याविरुद्ध जो पुरावा म्हणून धरला गेला, तो माझ्या बाजूचा होता. टेबलाच्या त्या बाजूला कुणाला तो वाचता आला नाही.

*

त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना गळ्यात बिल्ला घातलेला एक कार्यकर्ता माझ्यामागे आला होता. चांगला मुलगा. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"ताई, चुकलात तुम्ही. तोंड कशाला उघडलंत? महिन्याभराने परत शिबिर आहे. यायचं, खुणा करायच्या. मुकी म्हणून लावू. घरचं माणूस आणा, ते बोलेल. मुक्याचं पटकन होतं. तोतऱ्याचं कोण बघतं?"

मी हे घरी सांगितलं. लिहून.

आई म्हणाली, "मग काय वाईट हाय? बोलून तरी काय मिळवलंस गो आजवर?"

ती रागाने बोलली नाही. हिशेब मांडावा तसं बोलली. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी आठ दिवस बोलले नाही. सराव म्हणून. हे लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. कार्यकर्त्याचं ऐकायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. आणि आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी बोलत नाही याचं कुणाला काही वाटलंच नाही. दुकानात चिठ्ठी होतीच. वाटेत भेटणारे मान हलवत होते. काकी म्हणाली, "पोरगी सुधारली हो. शांत झाली." मुकं होणं इतकं सोपं होतं. मला आधीच अर्धं मुकं करून ठेवलेलं होतं. राहिलेलं अर्धं मी कागदासाठी द्यायचं होतं.

रविवार आला. विहारात पुढे बसले. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मी ते म्हटलं. जीभ अडली नाही. मागून सगळी वाडी म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला न अडण्याची लाज वाटली.

*

मग संस्थेतून बाबांना फोन आला. अध्यक्षांनी बोलावलंय. बाबांनी पांढरा सदरा घातला. मला वाटेत म्हणाले, "हे बघ, काय म्हणतील ते ऐकून घे. आपल्या लोकांना त्या दारातून आत कुणी घेतलेलं मी तरी बघितलं नाय."

बाबांना बाहेर बाकावर बसवलं. आत अध्यक्ष आणि एक लेखनिक, कॉम्प्युटरसमोर.

"बस," अध्यक्ष म्हणाले. या वेळी बस म्हणाले. "प्रमाणपत्र काही झालं नाही म्हणे तुझं. मला कळलं. वाईट वाटलं. मी विचार केला, पोरगी हुशार आहे, अक्षर चांगलं आहे. मागच्या खोलीत जुनी पुस्तकं पडलीत, त्यांना नंबर घालायचे, यादी करायची. रोजंदारीवर ये. मुलांसमोर बसायचं नाही, त्यामुळे तुलाही त्रास नाही. त्या जागेवर तुझा काही हक्क नाही, एवढं लिहून दे. कागद तयार आहे."

कागद तयार होता. खाली माझं नाव छापलेलं होतं. नाव त्यांना बरोबर माहीत होतं.

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "बोलायची गरजच नाही. सही कर."

मी कागद वाचला. पूर्ण. मग त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"म-म-मला म—"

"मला मंजूर आहे," अध्यक्ष म्हणाले. हसून, मदत करावी तसं. आणि लेखनिकाला, "घ्या, मंजूर आहे म्हणते."

त्याची बोटं चालू झाली. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

हेच वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते. माझं वाक्य, त्यांचा शेवट. सवयीने माझी मान होकारासाठी खाली यायलाही लागली होती. अर्धी आली होती. बाहेर बाबा होते. घरी आई होती. तिचं ते विचारणं होतं. रोजंदारीचं का होईना, काम होतं. पुस्तकांच्या खोलीतलं काम, माझ्या आवडीचं. फक्त मान खाली करायची होती.

मी हात कागदावर ठेवला. जोरात नाही. नुसता ठेवला.

"थ-थ-थ—"

"अगं, झालं की. थँक्यू म्हणायची काय गरज—"

"थांबा."

लेखनिकाची बोटं थांबली. अध्यक्षांचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या आत काही उरलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. म वर अडले. मान ताठ झाली, डोळा मिचकायला लागला. मी अंगठा रुतवला नाही. लपवलं नाही. जसं होतं तसं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी हाताने खूण केली, थांबा. ते थांबले. का थांबले माहीत नाही. कदाचित त्यांना आजवर कुणी थांबा म्हटलं नसेल.

"मला म-म-मंजूर नाही. प-प-पहिली मी आले. जागा माझी."

एवढंच. केवढा वेळ लागला त्याचा. माझ्या पाठीवरून घाम गळत होता.

अध्यक्षांनी पेन परत खिशात घातलं. "मग बस घरी," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मी दुसऱ्या कुणाला नको म्हणालो होतो. पण तुम्हा लोकांना केलेलं कळत नाही."

बाहेर बाबा उभे राहिले होते. दार उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डेपोवर आल्यावर म्हणाले, "हातातलं घालवलंस गो." मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुस्तिकांमध्ये जे लिहिलेलं असतं ते घरात आलं की जड जातं. मी त्यांना दोष देत नाही. पण हेही लिहून ठेवते.

फलकावर नंतर कागद लागला. पात्र उमेदवार न मिळाल्याने जागा रिक्त. वाचनालयाला कुलूप आहे. शिपाई कधीतरी उघडतो. मुलं म्हणतात, आत उंदरांची घाण आहे.

*

दुसरं शिबिर मागच्या आठवड्यात झालं. संस्थेचे दोन महिने संपले होते. त्या जागेसाठी आता काही उपयोग नव्हता. तरी मी गेले.

एसटीत कंडक्टर आला. तोच नव्हता, दुसरा. "कुठं?"

प वर ओठ मिटले. मागे माणसं खोळंबली. गाडी डेपोच्या फाटकातून बाहेर पडली, पुलाकडे वळली. कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "लिहून दे की गो, कागद नाय का?" कागद होता. पेनही होतं. कंडक्टर म्हणाला, "लवकर बोला, ताई."

मी कापडे म्हणाले नाही.

"प-प-पोलादपूर."

हसणारे हसले. त्याने तिकीट फाडून दिलं. पोलादपूरचं.

सभागृहात तोच फलक, तेच टेबल, तेच डॉक्टर. बिल्लावाल्या कार्यकर्त्याने दुरून ओठांवर बोट ठेवलं, गप्प राहा म्हणून. मी त्याच्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली.

"नाव?"

मी माझं नाव सांगितलं. मागची ओळ कुरकुरायला लागेपर्यंत वेळ लागला. पण सांगितलं. सगळं, आडनावासकट.

"पुन्हा आलात तुम्ही. बरं, पाठ असलेलं काही—"

"नाही. प-प-पाठ असलेलं म्हणणार नाही. ते माझं ब-बोलणं नाही. हे आहे. हे त-तपासा."

त्यांनी तपासलं नाही. वेळ नव्हता. पुन्हा तोच शब्द लिहायला पेन टेकवलं. मी म्हणाले, कारण लिहा. ते म्हणाले, कारण लिहायची पद्धत नाही. मी म्हणाले, लिहा. हा एक शब्द म्हणायला मला तीन वेळा सुरुवात करावी लागली. मी टेबल सोडलं नाही. मागे ज्यांच्या पायात बळ नव्हतं ते खोळंबले होते, त्यांची मी अपराधी आहे. तरी सोडलं नाही. शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या. उमेदवाराला सुरात म्हणताना दोष आढळत नाही, सबब अपात्र.

तो कागद माझ्याकडे आहे. या कागदाने मला नोकरी मिळणार नाही. अपील करीन, त्याने बहुधा काहीच होणार नाही. यादी बदलणारे खूप दूर बसतात आणि तिथे बोलायला लागतं. मला ठाऊक आहे.

पण चिठ्ठ्या मी जाळल्या. आईच्या हातच्या होत्या त्याही. मंचावर माझं लिहिलेलं आता दुसरा कुणी वाचणार नाही. मार्चमध्ये मी स्वतः वाचीन आणि लोक चहाला उठून गेले तर रिकाम्या सतरंज्यांपुढे वाचीन. मुकी म्हणून मी कुठेही सही करणार नाही. धडधाकट म्हणूनही नाही. मी अडखळते. ते अपंगत्व आहे, आणि तुमच्या यादीत ते नसेल तर तुमची यादी अपुरी आहे. हे सांगायला मी टेबलामागून टेबल गाठीन. प्रत्येक टेबलावर वेळ लागेल. तो वेळ तुम्हाला द्यावा लागेल. तोंड उघडून मधे शेवट सांगायला आलात तर मी हात वर करीन, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करीन.